हुतात्म्याची बावीस वर्षे

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेली मोटारलारी अडविण्यासाठी एक तरुण गिरणी कामगार रस्त्यात आडवा झाला आणि तिच्या चाकाखाली चिरडला गेला. त्याचे नाव बाबू गेनू सैद. गाव आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ. वय अवघे बावीस वर्षांचे. या बलिदानाला २०३० साली शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी पुतळ्यांना हार पडतील, भाषणे होतील, आणि ते उचितच आहे. परंतु शताब्दीपूर्वी आणखी एक कार्य हाती घेतले पाहिजे, आणि ते आज घेतले नाही तर पुढे ते करणे अशक्य होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबू गेनू मेला कसा हे आपणांस ठाऊक आहे. तो आणि त्याच्यासारखे हजारो जगले कसे, याचा इतिहास लिहिला जावयास हवा.

जुन्नर-आंबेगावच्या टापूला इतिहासाची वाण नाही. शिवनेरी याच परिसरात उभा आहे. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. परंतु राजांचा इतिहास दगडांत टिकतो. कुणब्याचा आणि मजुराचा इतिहास कागदांत, आणि पुष्कळदा केवळ आठवणींत असतो. म्हणूनच तो अधिक तत्परतेने शोधावा लागतो.

असा शोध घेता येतो हे याच जिल्ह्यात पूर्वीच सिद्ध झाले आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १७७१ साली त्या गावातील सरासरी खातेदाराकडे चाळीस एकर जमीन होती, ती १९१५ साली सात एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे आणि कर्जाचा बोजा यांमुळे निव्वळ शेतीवर पोट भरणे बहुसंख्य कुटुंबांना अशक्य झाले होते. माणसे गाव का सोडतात, याचे उत्तर अशा आकड्यांत असते. महाळुंगे पडवळचे उत्तर मात्र पिंपळे सौदागरवरून अनुमानाने काढता येणार नाही. ते तेथल्याच फेरफारांत आणि खातेउताऱ्यांत शोधले पाहिजे.

गाव सोडलेला माणूस शहरात कसा राहिला, यावरही मोलाचे काम झाले आहे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुंबईच्या कामगाराचे गावाशी असलेले नाते हे त्याच्या मागासलेपणाचे लक्षण नव्हे, हे साधार दाखविले. संपात आणि बेकारीत तगून राहण्यासाठी गाव हा त्याचा आधार होता. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगारांच्या तोंडून त्यांच्या हकीकती टिपून २००४ साली त्या ग्रंथरूपाने दिल्या. मागे राहिलेल्या स्त्रियांचेही मौन नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत माहेर, सासर, कष्ट आणि देव यांचा सारा संसार बोलतो आहे.

मग आता घाई कशाची? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी आज उंच मनोरे उभे आहेत. त्या वेळी चाळिशीत असलेला कामगार आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याच्या ट्रंकेतील हजेरीचे कार्ड, मनिऑर्डरीची पावती, खाणावळीचा हिशेब ही नातवंडांच्या दृष्टीने रद्दी आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने ती साधने आहेत. आठवणींना तर ट्रंकही नसते.

म्हणून पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आंबेगाव-जुन्नर आणि गिरणगाव यांचा एकत्रित अभ्यास तातडीने हाती घ्यावा, अशी आमची सूचना आहे. तालुक्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्या. शासनाने महसुली दप्तरे आणि पुराभिलेखागारातील त्या काळचे पोलिसी अहवाल अभ्यासकांस सुलभ करावे. आणि या संशोधनाचे फलित इंग्रजी ग्रंथालयांच्या कपाटांत बंद न राहता मराठीत, प्रथम त्या गावालाच वाचावयास मिळावे. एका पुतळ्याच्या खर्चात यातले पुष्कळ होईल.

काही जण म्हणतील, की हुतात्म्याच्या तेजाशी कर्ज, मजुरी आणि खोलीभाडे यांचा हिशेब जोडणे म्हणजे त्याला लहान करणे होय. आम्हांस हे मान्य नाही. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास ज्याची मजुरी बुडत असे, त्या कामगाराने देशासाठी रस्त्यावर उतरणे ही किती मोठी गोष्ट होती, हे त्या मजुरीचा आकडा कळल्याखेरीज कळणार नाही. बाबू गेनूच्या एका क्षणाला आपण शंभर वर्षे वंदन करीत आलो. त्या क्षणाला जन्म देणारी बावीस वर्षे समजून घेणे, हे त्याच्या शताब्दीचे खरे अभिवादन ठरेल.