तिसरा रकाना

अकरा वर्षं आयसीयूत काढून मी एम.एस्सी. नर्सिंगला मानसोपचार हा विषय घेतला, तेव्हा ड्युटीवरची मैत्रीण म्हणाली, "मग, ठाणे की येरवडा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढे हाच विनोद मला नातेवाइकांनी ऐकवला, रिक्षावाल्याने ऐकवला आणि एका डॉक्टरांनीसुद्धा.

आयसीयूत हातांना उसंत नसते. इथे पहिल्या दिवशी हात कुठे ठेवायचे तेच कळेना. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे शॉकनंतर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत नाडी, श्वास बघायचा, तेवढ्यापुरते जुने हात कामी आले.

बाकी सगळं बोलणंच. मनःस्थिती तपासताना शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. मी स्वतः बहात्तरला अडखळते. म्हणींचा अर्थ विचारतात. एका आजोबांना 'नाचता येईना अंगण वाकडे' विचारलं, तर म्हणाले, "सिस्टर, आमचं अंगण खरंच वाकडं होतं." अमूर्त विचार कमी, असं शिकवल्याप्रमाणे लिहिलं. मनाला काही पटलं नाही.

खरा घाम फोडला तो प्रोसेस रेकॉर्डिंगने. संभाषण जसंच्या तसं उतरवायचं: पहिल्या रकान्यात पेशंटचं वाक्य, दुसऱ्यात आपलं, तिसऱ्यात आपण तसं का बोललो ते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा, हे हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ साली पुस्तक लिहून मांडलं. परीक्षेपुरतं ते पाठ होतं. वहीत मात्र स्वतःचं बोलणं पहिल्यांदा ऐकू येतं.

वॉर्डातल्या एक काकू म्हणाल्या, "रविवारी मुलगा न्यायला येणारे." मी म्हटलं, "येईल हो, काळजी करू नका." मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, 'तुम्हाला काय माहीत?' अकरा वर्षांत किती जणांना मी हे वाक्य दिलं असेल! ते त्यांच्यासाठी नव्हतंच. मला तिथून निघता यावं म्हणून होतं.

मुलगा आला नाही. सोमवारी मी काकूंच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. त्या चादरीची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत होत्या. वीस मिनिटं दोघी गप्प. सिस्टरला बरं नाही की काय, म्हणून वॉर्डच्या मावशी दोनदा डोकावून गेल्या. मग काकूंनी चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं.

त्या दिवशी पहिले दोन रकाने कोरे राहिले. तिसऱ्यात मी 'चादर धरली' एवढंच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "हे इथे नाही, दुसऱ्या रकान्यात लिहायचं."