कथेच्या खेळांतील निवड

‘याला शेवट किती आहेत?’ कथेवर रचलेला एखादा नवा व्हिडिओ गेम हातीं आला म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें एकमेकांस प्रथम हाच प्रश्न करितात. शेवट जितके अधिक तितका खेळ थोर, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे असें आम्हांस वाटतें, व तो कां चुकीचा आहे हें सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच.

कादंबरी व कथाप्रधान खेळ यांत मोठा भेद हा कीं, खेळांत नायकानें काय करावें हें ठिकठिकाणीं खेळणाऱ्यासच ठरवावें लागतें. आतां प्रत्येक निवडीस कथेला दोन फांटे फुटूं दिले, तर दहा निवडींच्या अंतीं १०२४ निरनिराळ्या कथा होतील. तितक्यांचीं चित्रें काढणें व संवाद वदवून घेणें कोणास परवडेल? म्हणून रचनाकार फांटे फोडतात आणि थोड्या अंतरावर ते पुन्हां एकत्र आणून मिळवितात. २०१२ सालच्या ‘द वॉकिंग डेड’ या खेळांत (हा खेळ लहानांसाठीं नव्हे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें) पहिल्या भागांत कार्ली व डग या दोघांपैकीं एकासच वांचवितां येतें. खेळणारा घाबऱ्या घाबऱ्या एकाकडे धांव घेतो; आणि तिसऱ्या भागांत, वांचलेली व्यक्ति कोणतीहि असो, ती मारली जातेच. हें कळल्यावर ‘आम्हांस फसविलें’ अशी ओरड होते. ती अगदींच अनाठायीं नाहीं, कारण तुमच्या निवडीप्रमाणें कथा घडत जाईल असें आश्वासन तो खेळ आरंभींच देतो. ‘मास इफेक्ट’ या मालेचीहि तीच कथा. २००७ पासून तीन खेळांत आपल्या निवडी जपत आलेल्या लोकांस २०१२ सालीं तिसऱ्याच्या अंतीं जे पर्याय मिळाले, ते बव्हंशीं प्रकाशाच्या रंगांनींच वेगळे दिसत होते. लोक इतके रागावले कीं, त्याच वर्षीं जून महिन्यांत कंपनीस तो शेवट विस्तारून पुन्हां द्यावा लागला. वचन मोडलें म्हणजे राग यावयाचाच.

परंतु वचन मोडलें म्हणून निवडच खोटी होती असें म्हणतां येईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. व त्यासाठीं लूकस पोप यांच्या २०१३ सालच्या ‘पेपर्स, प्लीज’ या खेळाचें उदाहरण घेतों. त्यांत आर्स्टोट्झ्का नांवाच्या एका कल्पित देशाच्या सीमेवर खेळणारा हा पासपोर्ट तपासणारा अधिकारी असतो. एका माणसाची तपासणी बरोबर केली कीं ५ क्रेडिट मिळतात. रात्रीं त्यांतूनच घरभाडें, अन्न, ऊब आणि आजाऱ्याचें औषध भागवावयाचें. घरीं बायको, मुलगा, सासू व काका आहेत. दिवसांतील पहिल्या दोन चुका ताकीद देऊन माफ होतात, पुढें दंड. एके दिवशीं एक गृहस्थ येतो. त्याचे कागद ठीक असतात. जातां जातां तो विनवितो कीं, मागून माझी बायको येत आहे, तिच्याशीं मायेनें वागा. ती येते. तिच्यापाशीं प्रवेशाचा परवाना नसतो. परत गेलें तर मला ठार मारतील, असें ती सांगते.

येथें वाद्यांचा गजर नाहीं, ‘आतां निवडा’ अशी पाटी झळकत नाहीं. हातांत दोन शिक्के, इतकेंच. या खेळास २० शेवट आहेत, पण त्या बाईवर त्यांतील एकहि अवलंबून नाहीं. तरीहि ही निवड खरी आहे, कारण तिची किंमत खेळणाऱ्याच्या पदरची आहे. आधींच दोन चुका झाल्या असतील, तर या दयेचा दंड त्याच्या मुलाच्या घासांतून भरला जातो. पुढें पुढें तर माणूस असा विचार करूं लागतो कीं, रोजच्या त्या दोन माफ चुका निष्काळजीपणानें खर्चूं नयेत, एखाद्या गरजवंतासाठीं राखून ठेवाव्या. कामांतील काटेकोरपणा दयेच्या उपयोगीं पडतो, हें इतक्या स्पष्टपणें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

उलट, किंमतच द्यावयाची नसेल तर हजार शेवट असून काय उपयोग? पुष्कळ मुलें खेळ ‘सेव्ह’ करून ठेवतात, परिणाम वाईट दिसला कीं मागें जातात आणि दुसरा पर्याय घेतात. एका संध्याकाळींच सर्व शेवट पाहून टाकतात. त्यांनीं एकहि निवड केलेली नसते, असें आमचें स्पष्ट मत आहे. टोबी फॉक्स यांनीं २०१५ सालच्या ‘अंडरटेल’ या खेळांत ह्याच पळवाटेवर बोट ठेविलें. टोरिएल ही त्यांतील मायाळू सांभाळकर्ती. तिला मारून, मग पश्चात्तापानें मागें जाऊन, कोणी तिला जिवंत ठेविलें, तरी पुढें फ्लावी नांवाचें एक बोलकें फूल त्याला हिणवून सांगतें कीं, तूं काय केलेंस तें मला ठाऊक आहे.

तेव्हां मुलगा खेळून उठला म्हणजे पालकांनीं ‘संपला का एकदांचा?’ एवढेंच न विचारतां, ‘तूं कोणाला आंत सोडलेंस?’ असें कधीं विचारून पाहावें. गेल्या पावसाळ्यांत मधल्या सुटींत दोन मुलें त्या बाईवरूनच भांडत होतीं. एकानें तिला सोडलें होतें. दुसऱ्यानें, घरीं सासू आजारी म्हणून, परत पाठविलें होतें. घंटा झाली तरी तो दुसरा जागचा हलेना. आम्ही जवळ गेलों तेव्हां त्यानें विचारलें, ‘सर, तिचें पुढें काय झालें असेल?’ खेळांत तें कोठेंच सांगितलेलें नाहीं.