विमानाच्या ब्रेकला दुसरी सही हवी

बिदरला हवाई दलाचा तळ, कलबुर्गीला 2019 पासून विमानतळ. विमानाचं अप्रूप आपल्याकडं आहेच. मुंबईत चारकोपला अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, त्याचंही आपण भरभरून कौतुक केलं. योग्यच आहे. पण विमान उडवण्याइतकंच ते थांबवणंही महत्त्वाचं, असं माझं मत.

लहान विमानात बहुधा डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात, पायाच्या चवड्यानं दाबायचे. एकच बाजू धरली, तर विमान धावपट्टी सोडून बाजूला वळतं. पेडल मऊ लागलं, तर बहुतेक नळीत हवा शिरलेली असते, नाहीतर तेल गळत असतं. अशा वेळी नुसतं तेल भरून गप्प बसणं म्हणजे न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकणं! आकडा जुळतो, फरक तसाच राहतो. गळती शोधावी, मग चाकाकडून वर तेल ढकलत हवा काढावी.

तेलही तेच हवं. बऱ्याच लहान विमानांत लाल खनिज तेल लागतं. तिथं मोटारीचं ब्रेक ऑइल घातलं तर रबरी सील खराब होतात. पॅड किती झिजले, हे मोजून वहीत तारखेनिशी लिहावं.

घरच्या विमानात बांधणारा तोच, तपासणाराही तोच. बँकेत एकानं केलेलं व्हाउचर दुसरा तपासायचा, तेही पैशासाठी. इथं तर जीव आहे. ब्रेकचं काम झालं की दुसऱ्या जाणत्या माणसानं तपासून सही करावी, मगच विमान हलवावं. तुम्हाला काय वाटतं?