आधी नमुने, मग भाकिते

मा. संपादक,

साथींचा अंदाज आता संगणकच देईल, जनुकीय तपासणीवर खर्च कशाला, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर पटणारा नाही.

एक : करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा राज्यातील पहिला बाधित कल्याण-डोंबिवलीत आढळला, तो भाकितामुळे नव्हे. केप टाऊनहून दुबई, दिल्लीमार्गे आलेल्या प्रवाशाचा स्वॅब घेतला गेला, विषाणूचा जनुकीय क्रम तपासला गेला आणि ४ डिसेंबर २०२१ रोजी निदान जाहीर झाले.

दोन : त्या वेळी आरोग्य यंत्रणा झोपली होती, हा आरोप चुकीचा आहे. तो प्रवासी उतरला तेव्हा विषाणूच्या या प्रकाराला ‘ओमायक्रॉन’ हे नावही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने ते २६ नोव्हेंबरला दिले.

तीन : साथींवर नजर ठेवणाऱ्या ब्लूडॉट कंपनीच्या संगणक प्रणालीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानमधील करोना साथीबाबत इशारा दिला, हे खरे. पण तो स्थानिक बातम्यांवरून. म्हणजे रुग्ण आधी डॉक्टरांनाच दिसले होते. नमुनेच पोहोचले नाहीत, तर संगणक भाकीत कशाच्या आधारे करणार?

लोकलने रोज लाखो माणसे ये-जा करणाऱ्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पालिका रुग्णालयांतून आणि सांडपाण्यातून बारमाही नमुने घ्या. पहिला खर्च तिथेच हवा.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)