शेक संपल्यानंतरचा ऑक्सिजन

मावा-तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण जत, कवठेमहांकाळ, अथणीकडून मिरजेला येतात. ऑपरेशन होते, रेडिएशनचे शेक होतात, गाठ जाते. पुढे काही वर्षांनी एखादी दाढ काढावी लागते आणि जखम भरतच नाही. हिरडीतून जबड्याचे हाड उघडे पडते, तोंडात दोन बोटे जात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून गिळावी लागते. शेकाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आटलेल्या असतात.

हायपरबॅरिक ऑक्सिजनचे खरे काम आहे ते इथे. बंद कक्षात हवेच्या दोन-अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, रोज सुमारे दीड तास, अशा तीस-चाळीस बैठका. घाट उतरताना बसतात तसे कान बसतात, एवढा त्रास बहुतेकांना होतो. आगीचा धोका असल्याने सुती कपडे घालायचे, डोक्याला तेल लावायचे नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा. दाबामुळे ऑक्सिजन रक्तद्रवातच विरघळतो, आटलेल्या भागापर्यंत पोचतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. शेकाने मूत्राशयाला इजा झालेल्यांचा त्रास यामुळे कमी होतो, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतील चाचणीत दिसले. जबड्याबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. त्याच वर्षीच्या, ब्रिटनमधून चालवलेल्या चाचणीत दाढ काढण्यासारख्या शस्त्रक्रियेआधी-नंतर ऑक्सिजन देऊनही हाड सडण्याचे प्रमाण घटले नाही.

एवढ्या मर्यादित उपयोगाला ‘कर्करोगावर ऑक्सिजन उपचार’ म्हणून विकणे हा रुग्णाचा घात आहे. गाठीत प्राणवायू कमी असतो, हे खरे. म्हणूनच 1950 च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णाला दाबाच्या टाकीत ठेवून रेडिएशन देऊन पाहिले गेले. डोके-मानेच्या गाठींत पुढे काही फायदाही दिसला, पण दुष्परिणाम वाढले आणि ती पद्धत रुळली नाही. नुसत्या ऑक्सिजनने गाठ विरघळते याला आधार नाही. आपल्याकडे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला बंदी आहे. औषध प्रशासनाने तो कायदा या दाव्यांवरही लावावा.

सांगली-मिरजेच्या मधोमध, विश्रामबागेत राहणाऱ्याला कर्करोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहे. कक्षाचे पैसे भरण्याआधी त्याच्याकडे जावे आणि थेट विचारावे: माझ्या कोणत्या इजेसाठी हे घ्यायचे? ब्लिओमायसिन किंवा डॉक्सोरुबिसिन ही किमोची औषधे घेतलेल्यांनी तर विचारल्याशिवाय आत जाऊच नये. छातीत हवा साठलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. किमोची नोंद आणि छातीचा एक्स-रे फाइलमध्येच असतो. ती न उघडता आत झोपायला सांगणाऱ्या केंद्रातून रुग्णाने तसेच परत फिरावे.