नावाची वाटणी

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पेढीची वाटणी होते, तेव्हा गोदाम, शिल्लक माल, उधारी, दागिने आणि घर यांचा हिशेब पैपर्यंत मांडला जातो. चार वडीलधारी मंडळी बसतात, वाटणीपत्र होते, सह्या होतात. एक गोष्ट मात्र बहुधा त्या कागदावर येतच नाही, ती म्हणजे पाटीवरचे नाव. आजोबांनी ज्या नावावर पत कमावली, तेच नाव दोघे भाऊ आपापल्या दुकानावर लावतात. काही वर्षांनी एकाच्या हलक्या मालाचा बोल दुसऱ्याला लागतो, एकाचा ग्राहक चुकून दुसऱ्याकडे जातो, आणि जी कटुता वाटणीच्या दिवशी टळली होती ती पुढच्या पिढीत उभी राहते.

हा प्रश्न लहान पेढ्यांपुरता नाही. मुंबईतील लोढा कुटुंबातील अभिषेक आणि अभिनंदन या दोन बंधूंचे बांधकाम व्यवसाय वेगळे झाले होते. तरीही ‘लोढा’ हे नाव कोणी वापरावे, यावरून जानेवारी २०२५ मध्ये अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्स कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यात मागितलेली नुकसानभरपाई ५,००० कोटी रुपयांची होती. न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्याकडे मध्यस्थी सोपविली आणि एप्रिल २०२५ मध्ये समेट झाला. ‘लोढा’ आणि ‘लोढा ग्रुप’ ही नावे मॅक्रोटेककडे राहिली, ‘हाऊस ऑफ अभिनंदन लोढा’ हे नाव धाकट्या बंधूंकडे गेले, आणि दोन्ही व्यवसायांचा परस्परांशी संबंध नाही हे जाहीर झाले. आई-वडिलांच्या सल्ल्याने वाद मिटला, ही त्यातली समाधानाची बाब. परंतु जे अखेरीस ठरले ते वाटणीच्या वेळीच निर्विवादपणे ठरले असते, तर न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

दुकान परवाना, जीएसटी क्रमांक आणि उद्यम नोंदणी असली म्हणजे नाव आपले झाले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या नोंदी व्यवसाय करण्यासाठी आहेत. नावावरचा हक्क व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये मिळतो. नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्यालाही दुसरा आपल्या नावावर माल खपवीत असल्यास दाद मागता येते, पण तेव्हा आपली ख्याती, ग्राहकांची फसगत आणि आपले नुकसान हे सर्व पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोंदणी असल्यास हे ओझे पुष्कळ हलके होते आणि आपला व्यवसाय जेथे आहे त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता येतो.

नोंदणीची रीत अवघड नाही. प्रथम तेच किंवा तसेच नाव आधी कोणी घेतले आहे काय, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. माल व सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. खाद्यतेल २९ व्या, मसाले व चहा ३० व्या, तयार कपडे २५ व्या, दागिने १४ व्या वर्गात येतात. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती व लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये आहे. महाराष्ट्राचे काम मुंबई कार्यालयाकडे चालते. तपासणीनंतर नाव व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते आणि ४ महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.

नाव जुने असेल तर जुन्या वह्या, पावत्या आणि जाहिरातींची कात्रणे जपून ठेवावीत. कलम ३४ अन्वये आधीपासून सतत नाव वापरणाऱ्याचे संरक्षण होते, पण वापर सिद्ध करावा लागतो. वडिलांच्या काळातील रोजकीर्द ही रद्दी नव्हे, तो पुरावा आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अर्जदाराचा आहे. धावपळ करणारा मोठा भाऊ स्वतःच्या नावे अर्ज करतो आणि त्यात कपटही नसते. परंतु नोंदवहीत मालक म्हणून त्याचेच नाव लागते. नाव पेढीचे असेल तर अर्ज पेढीच्या नावे असावा. वाटणी झाल्यास ते कोणाकडे जाईल, दुसऱ्याने कोणते नाव लावावे आणि त्याला मोबदला काय, हे वाटणीपत्रात लिहून हस्तांतराची नोंद करून घ्यावी. आडनाव दोघांचेच असते. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्यास कलम ३५ मोकळीक देते, पण वाद होतो तो ‘प्रामाणिकपणे’ या एका शब्दावरच.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखे दिसणारे नक्कल अस्सल म्हणून खपविणे. दुसऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव लावणे याहून फार वेगळे नाही. म्हणून नोंदणीपूर्वीचा शोध स्वतःच्या रक्षणासाठी आहे, तसाच दुसऱ्याचे आपल्याकडून अजाणता घेतले जाऊ नये यासाठीही आहे. येत्या दिवाळीला वहीपूजन करताना नव्या वहीशेजारी त्या नावाचा दाखलाही असावा, आणि तो कोणाच्या नावे आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.