लातूर पॅटर्न, पण मातीतला

लातूर म्हटलं की लोकांना आठवतात क्लासेस, टॉपर्स आणि त्यांचे फ्लेक्स. मला विचाराल तर खरा लातूर पॅटर्न तालमीत आहे.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. लोक इथंच थांबतात. पण त्यांचं मोठं काम पुढचं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. २०११ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा पठ्ठ्या राहुल आवारे काका पवारांकडे आला. काकाही लातूर जिल्ह्याचेच, अर्जुन पुरस्कारविजेते मल्ल. २०१८ मध्ये राहुलने राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरी फायनलला तर हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काकांचेच चेले!

आणि आपण? गदावाल्याचा फोटो फॉरवर्ड करतो, वस्तादाचं नाव विचारतही नाही. वस्ताद लातूरचे, तालमी पुण्यात. म्हणजे लातूरच्या पोरानं लातूरच्याच वस्तादाकडे शिकायला पुणं गाठायचं! आपण आयटीवाले नोकरीसाठी आलो ते ठीक, पण कुस्तीसाठीसुद्धा?

सत्कार, हारतुरे पुरे झाले. गावाकडं मॅट, खुराक आणि पगारी वस्ताद द्या. बाकी पोरं बघून घेतील.